दहा जीबीला थटलेला डेटाबेस : शिरोलीतल्या फाउंड्रीत केलेल्या कामाच्या नोंदी

काम कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं. सीआय (कास्ट आयर्न) आणि एसजी आयर्नची (चिवट ओतीव लोखंडाची) कास्टिंग, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, साधारण १८ युजर. सर्व्हर म्हणजे ऑफिसच्या पहिल्या मजल्यावरचा एक टॉवर, १६ जीबी रॅम, १ टीबीच्या दोन साध्या फिरत्या डिस्क मिररमध्ये, विंडोज सर्व्हर २०१६, त्यावर एसक्यूएल सर्व्हर २०१७ एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची फुकट आवृत्ती) आणि त्याच्यावर ईआरपी (खरेदी, विक्री, स्टॉक, हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर). नोंदी ठेवतोय कारण उद्यमनगरला जा, गोकुळ शिरगावला जा नाहीतर कागलला, बहुतेक ठिकाणी हाच सेटअप आहे, आणि चार-पाच वर्षं झाली की सगळ्यांचा डेटाबेस याच जागी येऊन थांबणार आहे. कमांडची नावं बोलतो तशीच लिहिलीत.

६ जानेवारी २०२६, मंगळवार

सकाळी डिस्पॅचमधून फोन, "ओ, दारात ट्रक हुबा हाय, चलन निघंना झालंय." ईआरपीत सेव्ह दाबलं की फक्त "ट्रान्झॅक्शन फेल" एवढंच येतंय, जुनी बिलं उघडतात, रिपोर्ट निघतात, पण नवीन काही लिहिलं जात नाही. तिथल्या मुलानं तोवर टेम्प फाइल साफ केल्या होत्या, सर्व्हर रिस्टार्ट केला होता, काही फरक नाही. हे लक्षण ध्यानात ठेवा, वाचता येतंय पण लिहिता येत नाही म्हणजे नेटवर्क आणि पासवर्ड यांच्या मागं लागू नका.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दोन एरर एकापाठोपाठ दिसल्या, ११०५ आणि १८२७. पहिली म्हणते प्रायमरी फाइलग्रुप (डेटा फाइलची जागा) भरला. दुसरी स्पष्ट सांगते की डेटाबेसची साइज १०,२४० एमबीच्या लायसन्स लिमिटच्या वर जाईल म्हणून वाढवता येत नाही. डिस्कवर ४०० जीबीच्या वर जागा रिकामी होती, त्यामुळं सगळे गोंधळात. एक्सप्रेस एडिशनला दर डेटाबेसमागं १० जीबीची मर्यादा आहे (२००८ आर२ पासून २०२२ व्हर्जनपर्यंत, त्याआधी ४ होती), ती डेटा फाइलला लागू होते, डिस्क किती मोठी आहे याच्याशी तिचा संबंध नाही. लॉग फाइल (डेटाबेस प्रत्येक बदल आधी जिथं नोंदवतो ती वेगळी फाइल) त्यात धरत नाहीत. इथं लॉग फाइल ६१ जीबीची निघाली, तिचं नंतर.

पहिलं काम ट्रक हलवायचं. आधी पूर्ण बॅकअप घेतला, तो दुसऱ्या मशीनवर कॉपी केला, मगच हात लावला. टेबलांच्या यादीत शेवटी "बॅकअप २०२१", "टेस्ट ओल्ड" असल्या नावांची काही टेबलं दिसली, कधीतरी सॉफ्टवेअरवाल्यांच्या माणसानं दुरुस्ती करताना कॉपी काढून तशीच सोडलेली. सगळी मिळून ६४० एमबी. सॉफ्टवेअरवाल्यांना फोनवर विचारून खात्री केली की प्रोग्राम ती वापरत नाही. तरी नुसती उडवली नाहीत, त्याच इन्स्टन्सवर (चालू असलेल्या त्याच एसक्यूएल सर्व्हरवर) नवीन डेटाबेस केला (मर्यादा प्रत्येक डेटाबेसची वेगळी असते) आणि सिलेक्ट इन्टू (टेबलाची कॉपी काढणारी कमांड) करून तिकडं नेली, रांगा (टेबलातल्या ओळी) मोजल्या, मग इकडची ड्रॉप केली. त्या क्षणी चलन निघालं. दुपार झाली होती, ट्रकवाला जेवून परत आला होता.

हा फक्त श्वास घ्यायला मिळालेला वेळ आहे. ६४० एमबी म्हणजे इथल्या वेगानं फार तर चार महिने.

७ जानेवारी, बुधवार

आज काहीच बदललं नाही, फक्त मोजमाप. मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हर सांभाळायच्या प्रोग्राममध्ये) डेटाबेसवर राइट क्लिक, रिपोर्ट्स, त्यात "डिस्क युसेज बाय टॉप टेबल्स". दोन मिनिटांचं काम आहे आणि हे केल्याशिवाय कुणाचंही "जुना डेटा काढून टाका" ऐकू नका.

वजनकाट्याचे फोटो ४.१ जीबी. एडिट लॉग (कुणी काय बदललं त्याच्या नोंदी) २.६. स्टॉक लेजर आणि व्हाउचर सगळे मिळून १.२. ई-इन्व्हॉइसचे परत आलेले जेसन (पोर्टलनं पाठवलेली उत्तरं) ०.७. प्रोग्रामचा स्वतःचा एरर लॉग ०.५. हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक) आणि स्पेक्ट्रोचे (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचे) रीडिंग ०.४. बाकी किरकोळ.

म्हणजे ज्याला आपण कंपनीचा डेटा म्हणतो, खरेदी-विक्री, स्टॉक, हीट, तो सगळा मिळून दोन जीबीसुद्धा नाही. मालकांचं म्हणणं होतं, "२०२२ च्या आधीचं सगळं उडवून टाक की, कोण बघतंय?" त्यांना हे आकडे दाखवले. २०२२ च्या आधीची सगळी बिलं उडवली तरी ३०० एमबी मोकळी होणार नाहीत, आणि जीएसटीत कलम ३६ प्रमाणे वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने रेकॉर्ड ठेवावंच लागतं. ते लगेच पटलं त्यांना.

फोटोंचं असं की काट्यावर दोन कॅमेरे आहेत, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, दोन्ही वेळेला दोन-दोन फोटो, एका गाडीमागं चार. एक फोटो ९० केबीच्या आसपास. स्क्रॅप, पिग आयर्न, वाळू, जाणारं कास्टिंग, रोजच्या दहाएक गाड्या धरा. आणि हे सगळे फोटो थेट टेबलात, व्हारबायनरी मॅक्स (आख्खी फाइल मावणाऱ्या) कॉलममध्ये. बसवताना कुणालाच काही वाटलं नसणार कारण पहिल्या वर्षी काही जाणवत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

आज ६१ जीबीची लॉग फाइल.

रिकव्हरी मॉडेल (लॉग कसा सांभाळायचा ती सेटिंग) फुल. सिस डेटाबेसेस मधून लॉग रीयूज वेट (लॉगची जागा कशासाठी अडलीय ते) बघितलं तर उत्तर "लॉग बॅकअप". म्हणजे लॉगचा बॅकअप होत नाही तोवर लॉगमधली जागा परत वापरता येत नाही, म्हणून तो नुसता वाढतोय. इथं रोज रात्री फुल बॅकअप होत होता आणि सगळ्यांचा समज असा की फुल बॅकअप झाला की लॉग रिकामा होतो. होत नाही. फुल बॅकअप लॉग साफ करत नाही, लॉग बॅकअपच करतो, किंवा मग मॉडेल सिंपल ठेवायचं.

मालकांना एकच प्रश्न विचारला, दुपारी चारला सर्व्हर जळाला तर सकाळपासूनची एंट्री परत करता येईल का? अकाउंटच्या ताई म्हणाल्या बिलं करता येतील, पण मेल्टिंगची हीट शीट कागदावर नसते, ती गेली की टेस्ट सर्टिफिकेट कशावर द्यायचं? म्हणून फुलच ठेवायचं ठरलं, लॉग बॅकअप दर अर्ध्या तासाला.

आत्ताचा लॉग मात्र आधी रिकामा करायला हवा होता, आणि पहिला लॉग बॅकअप घेतला असता तर तो स्वतःच साठेक जीबीचा झाला असता. त्यामुळं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बाहेर काढून क्रम असा केला: मॉडेल सिंपल, चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणं), डीबीसीसी श्रिंकफाइल (फाइल लहान करायची कमांड) लॉगवर. पहिल्या वेळी ६१ ची ५८ च झाली, कारण लॉगचा चालू भाग फाइलच्या शेवटाला बसला होता. थोडी एंट्री होऊ दिली, परत चेकपॉइंट, परत श्रिंक, तेव्हा १ जीबीवर आली. मग मॉडेल परत फुल आणि लगेच फुल बॅकअप. ही शेवटची पायरी विसरली तर लॉग बॅकअपची साखळी सुरूच होत नाही, कागदोपत्री फुल आणि प्रत्यक्षात सिंपल अशी अवस्था राहते.

एक जुनी तक्रार यातच सुटली. दुपारी मधेच सगळ्यांचं ईआरपी मिनिट-दोन मिनिटं गोठायचं आणि आपोआप चालू व्हायचं, वर्षभर लोक स्विच आणि केबल बदलत होते. लॉगची ऑटोग्रोथ (फाइल भरली की आपोआप होणारी वाढ) १० टक्के होती. फाइल ६० जीबीची झाली की दहा टक्के म्हणजे एकदम ६ जीबी, आणि लॉग फाइल वाढताना तेवढी सगळी जागा शून्यांनी भरून काढावी लागते, तोवर लिहिणारे सगळे थांबून राहतात. साध्या डिस्कवर याला वेळ लागणारच. आता वाढ २५६ एमबीची ठेवली. डेटा फाइललाही तीच. टक्केवारीत वाढ कुठंच ठेवू नका, कळकळीनं सांगतोय.

एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) नाही, म्हणून लॉग बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडी या कमांडनं लावला.

१२ जानेवारी, सोमवार (कारखान्याची सुट्टी)

फोटो बाहेर काढायचे. पर्याय तीन होते. फोटो फोल्डरमध्ये आणि टेबलात फक्त पाथ, हे सगळ्यात चांगलं, पण त्याला प्रोग्राम बदलावा लागतो आणि सॉफ्टवेअरवाले म्हणाले मार्चएंडनंतर बघू. दुसरा फाइलस्ट्रीम (फोटो डिस्कवर फाइल म्हणून, पण ताबा डेटाबेसकडं), त्यातला डेटा १० जीबीत धरत नाहीत आणि एक्सप्रेसमध्ये चालतं, पण इन्स्टन्सच्या सेटिंगपासून टेबलापर्यंत बदल आणि सॉफ्टवेअरवाल्यांचा सपोर्ट नाही. तिसरा, फोटोंचं टेबल दुसऱ्या डेटाबेसमध्ये न्यायचं आणि जुन्या नावाचं काहीतरी मागं ठेवायचं म्हणजे प्रोग्रामला पत्ताच लागणार नाही. तिसरा घेतला.

नवीन डेटाबेस केला, फाइल सुरुवातीलाच ५ जीबीची ठेवली म्हणजे कॉपी होताना सारखी वाढत बसणार नाही, कॉपीपुरतं मॉडेल सिंपल. ५०० रांगांच्या तुकड्यांनी इन्सर्ट सिलेक्ट. अर्ध्या तासाच्या आत कॉपी झाली. पडताळणीला जास्त वेळ दिला: दोन्हीकडं रांगा, दोन्हीकडं डेटालेंग्थची बेरीज, आणि शेवटी प्रत्येक फोटोचा हॅशबाइट्सनं हॅश (फाइलवरून निघणारा ठसा) काढून दोन्हीकडचा जुळवला. हॅशबाइट्सला आधी ८,००० बाइटची मर्यादा होती, २०१६ पासून ती गेली, त्यामुळं पूर्ण फोटोचा हॅश निघतो. स्क्रॅपवाल्यांशी वजनावरून वाद झाला की हेच फोटो काढून दाखवतात, एकही फोटो हरवून चालणार नव्हतं.

मग जुन्या टेबलाचं नाव बदललं, त्या नावाचं सिनोनिम (नव्या टेबलाकडं बोट दाखवणारं टोपणनाव) केलं. फोटो टेबलाला वजन नोंदीची फॉरेन की (नोंद असल्याशिवाय फोटो पडू न देणारा नियम) होती, ती दोन डेटाबेसमध्ये ठेवता येत नाही, काढावी लागली. त्याच्या बदल्यात आठवड्यातून एकदा चालणारी क्वेरी, ज्या फोटोला नोंद नाही आणि ज्या नोंदीला फोटो नाही त्यांची यादी.

अॅडमिन लॉगिननं चाचणी घेतली, सगळं चालू.

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळी पहिलीच गाडी आली आणि काट्यावर एरर ९१६. लॉगिन नवीन डेटाबेस उघडू शकत नाही. ईआरपी ज्या लॉगिननं जोडलं जातं त्याचा युजर नवीन डेटाबेसमध्ये नव्हताच. चाचणी अॅडमिननं घेतली की हे दिसतच नाही, प्रोग्रामच्या लॉगिननंच घ्यायला हवी. युजर बनवला, परवानगी फक्त सिलेक्ट आणि इन्सर्ट. डिलीट आणि अपडेट मुद्दाम दिलं नाही, पुराव्याचे फोटो आहेत.

गाडी पुढं गेली, पण पावतीवर फोटोची जागा कोरी. एरर काहीच नाही. यात बरीच सकाळ गेली. शेवटी एक्स्टेंडेड इव्हेंट लावून प्रोग्राम काय विचारतोय ते बघितलं, तर पावती छापायच्या आधी तो इन्फर्मेशन स्कीमा टेबल्समध्ये (डेटाबेसमधल्या टेबलांच्या यादीत) फोटोचं टेबल आहे का ते शोधतो आणि नसलं तर फोटोशिवाय छापतो. बहुधा ज्यांनी कॅमेरा मॉड्यूल घेतलेलं नाही त्यांच्यासाठी ही सोय असणार. सिनोनिम त्या यादीत येत नाही. व्ह्यू (टेबलासारखी दिसणारी साठवलेली क्वेरी) मात्र येतो! म्हणून सिनोनिम काढला आणि त्याच नावाचा साधा व्ह्यू केला, सिलेक्ट सगळे कॉलम दुसऱ्या डेटाबेसमधून. एकाच टेबलावरचा साधा व्ह्यू असला की त्यात इन्सर्टही चालतं, नवीन आयडीही बरोबर परत येतो. पावतीवर फोटो आला. कुणी हे करणार असाल तर सिनोनिमच्या भानगडीत न पडता सुरुवातच व्ह्यूनं करा.

तिसरं, दिवसभरात काट्यावरचे काका म्हणत होते की मधूनमधून फोटो उघडायला वेळ लागतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये "स्टार्टिंग अप डेटाबेस" शेकडो वेळा. एक्सप्रेसमध्ये नवीन डेटाबेस केला की ऑटो क्लोज चालू असतं, शेवटचं कनेक्शन सुटलं की डेटाबेस बंद आणि पुढच्या गाडीला परत चालू. ऑफ केलं, थांबलं. फोटो डेटाबेसचं मॉडेल फुल केलं, फुल बॅकअप घेतला, लॉग बॅकअपच्या टास्कमध्ये त्याचं नाव घातलं.

१५ जानेवारी, गुरुवार

एरर लॉगचं अर्ध्या जीबीचं टेबल. सॉफ्टवेअरवाल्यांनी लेखी सांगितलं की सहा महिन्यांपूर्वीचं काढलं तरी चालेल. दोन-दोन हजार रांगांचे तुकडे करून डिलीट चालवलं. एका स्टेटमेंटनं एका टेबलावर साधारण ५,००० लॉक घेतले की सर्व्हर त्याचं पूर्ण टेबलाचं लॉक करतो आणि हे टेबल सगळे युजर लिहितात, त्यामुळं तुकडे लहान.

जवळजवळ सगळ्या रांगा गेल्या. साइज बघितली तर ०.५ जीबी, जशीच्या तशी.

टेबलाला क्लस्टर्ड इंडेक्स (रांगा क्रमानं लावून ठेवणारी सूची) नव्हता, म्हणजे हीप, नुसता ढीग. हीपमधून डिलीट केलं की रांगा जातात पण पानं (रांगा ज्यात ठेवतात ते फाइलचे तुकडे) टेबलाकडंच राहतात, पूर्ण टेबलाचं लॉक घेऊन डिलीट केलं तरच ती सुटतात. आणि आपण तर लॉक टाळायलाच तुकडे केले होते. रात्री अल्टर टेबल रीबिल्ड (टेबल नव्यानं बांधायची कमांड) चालवलं, ३० एमबी झालं. रीबिल्डला नवीन साइजएवढीच मोकळी जागा लागते, त्यामुळं भरलेल्या डेटाबेसमध्येही अशा रिकाम्या हीपवर ते जमतं. फोटो, एडिट लॉग वगैरे मोठ्या कामांना हात लावायच्या आधी तुमच्याकडं असलं एखादं हीप आहे का ते बघा, अडचणीच्या दिवशी हेच सगळ्यात पटकन जागा देईल.

१९ जानेवारी, सोमवार

आठवडाभर फोटो नव्या जागेत व्यवस्थित पडले, अनाथ फोटोंची यादी रिकामी. जुनं टेबल आज ड्रॉप केलं. वापरलेली जागा ५ जीबी, फाइलमध्ये ५.२ जीबी मोकळी.

मालकांच्या मुलानं फोल्डर उघडून विचारलं, एमडीएफ (डेटा फाइल) तर अजून दहाचीच दिसते. गोदामातला माल हलवला म्हणून गोदाम लहान होत नाही, तसंच हे, नवीन माल त्याच मोकळ्या जागेत बसणार. डेटा फाइल श्रिंक करायची नाही असं ठरवलं.

२१ जानेवारी, बुधवार

अकाउंटच्या ताईंचा फोन, स्टॉक लेजरचा रिपोर्ट काल सकाळपासून अडीच-तीन मिनिटं घेतोय, आधी पंधरा सेकंदांत यायचा. डेटा कमी केल्यावर हळू का झालं, असा सरळ प्रश्न, आणि तो बरोबरच होता.

फाइल बघितली तर १०,२४० वरून ६,७०० एमबीच्या आसपास. कुणीच श्रिंक चालवलं नव्हतं. डेटाबेसच्या प्रॉपर्टीत ऑटो श्रिंक ट्रू. सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशनमध्येच ते चालू होतं, पण फाइल कायम गच्च भरलेली असल्यामुळं इतकी वर्षं त्याला कापायला काही मिळालंच नव्हतं. २५ टक्क्यांपेक्षा जास्त जागा मोकळी झाली की ते जागं होतं, आणि आम्ही सोमवारी अर्धी फाइल मोकळी केली. श्रिंक करताना सर्व्हर फाइलच्या शेवटाची पानं उचलून पुढच्या रिकाम्या जागांत टाकतो, त्यात इंडेक्सचा क्रम उलटापालटा होतो. स्टॉक लेजरच्या इंडेक्सचं फ्रॅगमेंटेशन (विखुरलेपण) ९० टक्क्यांच्या वर निघालं. त्यात एक्सप्रेसला डेटा ठेवायला मेमरी फक्त १,४१० एमबी मिळते, मशीनमध्ये १६ जीबी असली तरी, म्हणजे मोठा रिपोर्ट डिस्कवरूनच वाचणार, आणि फिरत्या डिस्कवर विखुरलेली पानं वाचायची म्हणजे वेळ जाणारच.

ऑटो श्रिंक ऑफ. फाइल हातानं ८ जीबीची केली. रात्री सगळे गेल्यावर मोठ्या टेबलांचे इंडेक्स रीबिल्ड, एक्सप्रेसमध्ये ऑनलाइन रीबिल्ड नाही त्यामुळं ते टेबल तेवढा वेळ बंद राहतं. सकाळी रिपोर्ट बारा सेकंदांत.

जागा मोकळी करायच्या *आधी* ऑटो श्रिंक बघायला हवं. या सगळ्या नोंदीतली एकच ओळ कुणी वाचणार असेल तर ती ही असावी.

२४ जानेवारी, शनिवार

रात्री लाइट गेली, यूपीएस संपला, सर्व्हर परत चालू झाला. सकाळी बॅकअप फोल्डरमध्ये रात्री दोननंतरचा एकही लॉग बॅकअप नाही. टास्क शेड्युलरमध्ये "युजर लॉग ऑन असेल तेव्हाच चालवा" असं राहिलं होतं, आणि रिस्टार्टनंतर कुणी लॉग ऑन केलंच नव्हतं. तो पर्याय बदलला, स्वतंत्र सर्व्हिस अकाउंट दिलं आणि सर्व्हर मुद्दाम रिस्टार्ट करून, कुणीही लॉग ऑन न करता, बॅकअप पडतो का ते बघितलं. पडला.

२७ जानेवारी, मंगळवार

एडिट लॉग, २.६ जीबी. हे टेबल बघताना सगळ्यात जास्त जपलं पाहिजे. कंपनी (अकाउंट्स) नियम २०१४ च्या नियम ३(१) प्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाचा माग ठेवणारं आणि तो माग बंद करता न येणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरावं लागतं, आणि हिशेबाची पुस्तकं कलम १२८(५) प्रमाणे ८ वर्षं जपायची. सीएंशी बोललो, त्यांनी स्पष्ट सांगितलं, या टेबलातली एक ओळही काढायची नाही. कंप्रेशनचा अंदाज काढून बघितला (२०१६ एसपी१ पासून एक्सप्रेसमध्येही पेज कंप्रेशन मिळतं), २.६ चे २.३ होणार, कारण बदलांचे एक्सएमएल (जुन्या-नव्या रांगेचा मजकूर) रांगेच्या बाहेर ठेवलेले असतात आणि कंप्रेशन तिथं पोचत नाही. एवढ्यासाठी हात लावावा असं वाटलं नाही.

मग वेगळा प्रश्न घेतला, इतक्या ओळी येतात कुठून? अठरा माणसं दिवसाला किती बदल करणार? टेबलाच्या नावाप्रमाणं आणि तासाप्रमाणं मोजलं. सुमारे दोन तृतीयांश ओळी आयटम मास्टरच्या, आणि त्या सगळ्या रात्री एकच्या. आयटम ३,४०० आहेत. रात्री एक जॉब चालतो, तो प्रत्येक आयटमवर "शेवटचं सिंक" ही तारीख टाकतो, रेट बदलो न बदलो. ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) बिचारा प्रामाणिकपणे प्रत्येक वेळी जुनी आणि नवी पूर्ण रांग नोंदवतो. रोज ३,४०० ओळी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, २०२३ पासून.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे आकडे पाठवले. ट्रिगर बदलायला सांगितला नाही, तो तसाच राहिला पाहिजे. फक्त ती सिंकची तारीख आयटम मास्टरमधून काढून वेगळ्या छोट्या टेबलात ठेवा, एवढंच. मार्चएंडनंतर म्हणणाऱ्यांनी हे मात्र लगेच घेतलं, चार्ज १२,००० रुपये.

२ फेब्रुवारी, सोमवार

बदल बसवला. रात्री एकनंतर उद्या बघायचं.

दिवसा रिस्टोरची चाचणी. राजारामपुरीतल्या माझ्या ऑफिसच्या मशीनवर फुल बॅकअप आणि त्यावर लॉग बॅकअपची रांग लावून शुक्रवार दुपारी साडेतीनपर्यंतचा डेटा उभा केला. दोन डेटाबेस असल्यामुळं दोन्ही एकाच वेळेपर्यंत आणावे लागतात, नाहीतर नोंद आहे आणि फोटो नाही असं होतं. दुसऱ्या मशीनवर लॉगिन आणि युजरची जोडणीही तुटते, ती परत करावी लागली. हे सगळं कागदावर लिहून सर्व्हरच्या बाजूला लावलं.

एक्सप्रेसचे बॅकअप कंप्रेस होत नाहीत, म्हणून झिप करून रोज रात्री राजारामपुरीला एक कॉपी येते, शिवाय ६,५०० ची एक २ टीबीची यूएसबी डिस्क, ती मालक घरी नेतात. शिरोलीत कुणाला समजवावं लागत नाही. २०१९ च्या पुरात महामार्ग इथंच पाण्याखाली जाऊन बंद पडला होता, कारखान्यात पाणी आलं नाही तरी तिथं पोचताच येत नव्हतं. सर्व्हर वरच्या मजल्यावर आहे म्हणून डेटा सुरक्षित, हे अर्धंच खरं आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

रात्री एकच्या जॉबनंतर एडिट लॉगमध्ये आयटम मास्टरच्या ओळी सात. त्या सातही खरोखर रेट बदललेल्या. हे बघून फार समाधान वाटलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

मालकांनी विचारलं म्हणून पुढचे पर्याय लिहून दिले. स्टँडर्ड एडिशनचं कोटेशन मागवलं होतं, सर्व्हर लायसन्स आणि युजरमागं कॅल (प्रत्येक वापरणाऱ्याचं लायसन्स) धरून आकडा काही लाखांत गेला, आज गरज नाही. एसक्यूएल सर्व्हर २०२५ ची एक्सप्रेस एडिशन आलीय, तिची मर्यादा ५० जीबी आहे आणि तीही फुकट, पण सॉफ्टवेअरवाल्यांनी अजून त्यावर तपासलेलं नाही. आणि एकदा डेटाबेस नव्या व्हर्जनवर चढवला की त्याचा बॅकअप जुन्या व्हर्जनवर उतरत नाही, म्हणून मार्चएंडच्या तोंडावर नको. पुढच्या वर्षी वेगळ्या मशीनवर करून बघू. ५० झाले तरी फोटो परत मुख्य डेटाबेसमध्ये घ्यायचे नाहीत असं माझं मत मी लिहून दिलंय.

आजची स्थिती: मुख्य डेटाबेसमध्ये वापरात ५ जीबी, वाढीचा वेग वर्षाला ०.८ च्या आसपास, फोटो डेटाबेस ४.२. रोज सकाळी सातला पॉवरशेल स्क्रिप्ट दोन्ही डेटाबेसची वापरलेली जागा, लॉगची साइज आणि शेवटच्या लॉग बॅकअपची वेळ मेलवर पाठवते, ८ जीबीच्या वर गेलं की विषयाच्या ओळीतच "जागा" असा शब्द येतो. मेल आलाच नाही तर ताई मला फोन करतात, तसं ठरलंय.

बाकी राहिलेलं: काट्याच्या कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन कमी करायचं, नंबर प्लेट वाचता आली पाहिजे एवढंच. आणि सॉफ्टवेअरवाल्यांच्या पुढच्या अपडेटमध्ये फोटोच्या टेबलाला कॉलम वाढवायची स्क्रिप्ट असेल तर ती फेल होणार कारण तिथं आता व्ह्यू आहे, त्यांना मेल करून ठेवलाय, अपडेट टाकायच्या आधी मला कळवतील. ६ जानेवारीला काढलेली ती जुनी टेबलं अजून वेगळ्या डेटाबेसमध्ये पडून आहेत, ऑडिट होईपर्यंत तिथंच ठेवणार.